जोखीम जातीत की जातिबंधनात?

गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाखालच्या धानपट्ट्यात, एका गावी सिकलसेलची रक्ततपासणी चालू असताना मी नोंदवहीजवळ बसलो होतो. नाव, वय आणि लगेच जात. पुढे अशा तपासण्यांचे अहवाल वाचू लागलो, तेव्हा त्याच रकान्यातून निघालेला शब्द वारंवार भेटला : 'अतिजोखमीचा समाज'. या शब्दाची चिकित्सा झाली पाहिजे.

आकडे खोटे आहेत, असे मला म्हणावयाचे नाही. विदर्भात महार, गोंड, परधान यांच्यात वाहक बरेच आढळतात. कुणबी, तेली समाजांतही ते आहेत. पिढ्यानपिढ्या जेथे हिवताप होता, तेथे हा जनुक टिकला. कारण वाहकाला तो जीवघेण्या हिवतापापासून बऱ्याच अंशी वाचवितो. ॲलिसन यांनी 1954 साली आफ्रिकेतील अभ्यासातून हे दाखविले. तेव्हा या जनुकाचे नाते डासाशी आणि भूमीशी आहे, कोणाच्या हीनत्वाशी नव्हे.

आता जोखमीचे गणित पाहू. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता 25 टक्के. उदाहरणापुरते धरू की एका समाजात शंभरात 20 वाहक आहेत, दुसऱ्यात 2. पहिल्याने आपसातच लग्ने केली, तर शंभरातील 4 जोडप्यांत दोघेही वाहक, आणि हजार जन्मांत सुमारे 10 मुले रुग्ण. त्याच माणसांची लग्ने दुसऱ्या समाजात झाली, तर हजारात 1. रक्त तेच, माणसे तीच. जोखीम मात्र दहावा हिस्सा!

मग ही दहापट आली कोठून? जातीबाहेर लग्न न करण्याच्या नियमातून. हाच नियम जातिसंस्थेचे मर्म होय, असे बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते. अहवाल मात्र नियमाचे ओझे माणसांच्या अंगावर टाकतात.

'जात ही केवळ सोयीची खूण आहे,' असे संशोधक म्हणतील. परंतु ही खूण कागदावर राहत नाही. ती गावात उतरते आणि वाहक ठरलेल्या मुलीची सोयरीक मोडते.

1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने 7 कोटी लोकांच्या तपासणीचे आणि 2047 पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणी हवीच. दोघा वाहकांनी लग्नाआधी विचार करावा, हा सल्लाही योग्यच. पण जातीचे कुंपण तसेच ठेवून दिलेला सल्ला अर्धा आहे. शिवाय जन्मलेले मूल जगेल की नाही, हे हायड्रॉक्सियुरियाची गोळी, वेळेवर मिळणारे रक्त आणि दवाखान्याचे अंतर यांवरही ठरते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जातीचा रकाना ठेवायचा तर ठेवा. त्याच्याशेजारी आणखी दोन आखा : लग्न जातीत की जातीबाहेर? दवाखाना किती कोसांवर? मग जोखीम कोणाची आणि कोणी लादलेली, हे गणितच सांगेल.