प्रभाव की उसनवारी? मडी वॉटर्स आणि रॉकचं देणं

मंडळी, ब्लूज आणि रॉकवर बोलायचं म्हटलं की ‘प्रभाव’ हा शब्द हटकून येतो. अमक्याचा तमक्यावर प्रभाव पडला, झालं! आज आपण या शब्दाकडे जरा संशयाने पाहू. प्रभाव ऊन पडावं तसा आपोआप पडतो. त्यात देणारा-घेणारा कुणी राहत नाही. संगीतात मात्र कुणीतरी दिलेलं असतं आणि कुणीतरी घेतलेलं असतं.

मडी वॉटर्सचंच घ्या. खरं नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर तो राबत असे. १९४१ साली अ‍ॅलन लोमॅक्स अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रणं करत तिथे पोचला आणि त्याने मडीची गाणी मुद्रित केली. दोनच वर्षांनी मडी शिकागोला गेला. तिथल्या गुत्त्यांच्या गजबजाटात साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून हातात इलेक्ट्रिक गिटार आली. ज्या आवाजाला आम्ही पुढे रॉकचा आवाज म्हणून ओळखलं, त्याचं एक मूळ या अडचणीत आहे.

आता एक साखळी पाहा. १९५४ मध्ये मडीने विली डिक्सनचं ‘हूची कूची मॅन’ गायलं. सगळी वाद्यं मिळून एक छोटा तुकडा वाजवतात आणि थांबतात. त्या मोकळ्या जागेत मडीचा आवाज येतो. घाई नाही, किंचित मागे रेंगाळणारा. १९५५ मध्ये बो डिडलीने तोच घाट उचलून ‘आय अ‍ॅम अ मॅन’ केलं. त्याच वर्षी मडीने त्याला ‘मॅनिश बॉय’ हे उत्तर दिलं, आणि त्या गाण्याच्या श्रेयात बो डिडलीचंही नाव आहे. म्हणजे घेणं-देणं ब्लूजमध्ये मुळातच आहे, बरं का. ‘घेतलं म्हणजे चोरलं’ एवढं सोपं ते नाही.

मग तक्रार कुठे सुरू होते? १९६२ मध्ये मडीने डिक्सनचंच ‘यू नीड लव्ह’ मुद्रित केलं. १९६९ मध्ये लेड झेपेलिनचं ‘होल लॉटा लव्ह’ आलं. त्यातले बरेचसे शब्द डिक्सनच्या गाण्याशी जुळतात, पण श्रेयात डिक्सन नव्हता. १९८५ मध्ये त्याने दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली. आज त्या गाण्यावर त्याचं नाव दिसतं.

इथे न्यायाने बोलायला हवं. जिमी पेजची ती गिटारची सुरावट मडीच्या गाण्यात नाही. मधला घुमणारा, विस्कटलेला भाग नाही, जॉन बॉनहॅमचे ड्रम्स नाहीत. झेपेलिनने खरोखर नवं काही केलं, हे आम्ही मानतो. पण म्हणूनच प्रश्न टोचतो: ज्यांच्याजवळ स्वतःचं एवढं होतं, त्यांना दुसऱ्याचं नाव लिहिणं जड का जावं?

याउलट रोलिंग स्टोन्स पाहा. त्यांनी बँडचं नावच मडीच्या १९५० च्या तबकडीवरून घेतलं. १९६४ मध्ये डिक्सनचं ‘लिटल रेड रूस्टर’ त्याच्या नावानिशी गायलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेलं. १९६५ मध्ये ‘शिंडिग’ या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात हाऊलिन वुल्फलाही बोलवावं, असा आग्रह त्यांनी धरला. वुल्फ गात होता आणि ही पोरं त्याच्या पायाशी बसून ऐकत होती. गायनाच्या तुलनेत स्टोन्सचं ‘रूस्टर’ वुल्फच्या जवळपासही जात नाही, असं आमचं मत. पण ऐकणाऱ्याला ते मूळ गायकाच्या दारापर्यंत नेऊन सोडतं. १९७७ मध्ये जॉनी विंटर या रॉक गिटारवादकाने मडीच्या ‘हार्ड अगेन’ची निर्मिती केली, तिला ग्रॅमी मिळालं. तीही परतफेडच.

तेव्हा ‘प्रभाव’ म्हणण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. नाव दिलं का? पैसे पोचले का? आणि नवं गाणं ऐकल्यावर जुन्याकडे जावंसं वाटतं का? तिसरा प्रश्न टीकाकाराचा. पहिले दोन न्यायालयाचे वाटतात, पण ते टाळून केलेली टीका आम्हाला अपुरी वाटते. डिक्सनने आयुष्याच्या उत्तरार्धात ब्लूज हेवन ही संस्था काढली, ती ब्लूज कलावंतांना त्यांचे हक्क मिळवून देण्याच्या कामासाठीही. नुसत्या कौतुकावर घर चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आमच्यापैकी बहुतेकांनी हे संगीत उलट्या क्रमाने ऐकलंय: आधी झेपेलिन, मग कधीतरी मडी. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त तिथेच थांबू नये. आज घरी गेल्यावर ‘यू नीड लव्ह’ आधी लावा आणि ‘होल लॉटा लव्ह’ नंतर. काय नवं आहे आणि काय उसनं, ते तुमचं तुम्हालाच ऐकू येईल. पुढच्या वेळी आपण तिथूनच सुरुवात करू.