अर्ध्या वाक्याचे प्रवासवर्णन

गेल्या वर्षी भाऊबीजेला माझी धाकटी बहीण शिरगावला आली, तेव्हा तिचा मुलगाही बरोबर होता. हे चिरंजीव फ्रान्समध्ये तुलूझ शहरी विमानांच्या कारखान्यात नोकरीला असतात. चकली मोडता मोडता त्याने मला विचारले, "मामा, तुमच्याकडे इतकी प्रवासवर्णने आहेत, सायकलवरून निवांत हिंडणाऱ्या माणसाचे एखादे आहे का?"

त्याला हे सुचायला कारण होते. तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा एक कालवा आहे. पिएर-पॉल रिके नावाच्या, सरकारी कर वसूल करणाऱ्या एका गृहस्थाने तो १६६६ साली खोदायला घेतला. १६८१ साली तो खुला झाला, आणि तो सोहळा पाहायला रिके काही महिन्यांनी उरला नाही. सुमारे २४० किलोमीटर लांबीच्या या कालव्याच्या काठाने पूर्वी नावा ओढणारे घोडे चालत. घोडे गेले, वाट राहिली. आणि त्या वाटेवर बहुतेक ठिकाणी मोटारीला मज्जाव आहे. भाच्याने तिथे चार दिवस सायकल चालवली होती. "चार दिवसांत भोंगा ऐकला नाही, मामा!" हे त्याने अशा आवाजात सांगितले, की जणू कैलासच पाहून आला.

"असेल की," असे म्हणून मी मोठ्या तोऱ्यात कपाट उघडले. वरसईहून निघून सत्तावनच्या वणव्यातून पायी हिंडलेले गोडसे भटजी होते; त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' होती. तीही नर्मदेच्या काठाने पायीच चालते. दुसऱ्या फळीवर अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' आणि पु. ल. देशपांड्यांची १९६० सालची 'अपूर्वाई'. चालणारे होते, आगबोटीने जाणारे होते, उडणारे होते. पायडल मारणारा कोणी नव्हता. अलीकडे सायकलवरून लेह आणि कन्याकुमारी गाठणारे मराठी तरुण पुष्कळ झाले आहेत, त्यांची टिपणेही छापून येतात. पण ती मोहिमांची टिपणे. त्यांत चढ मोजलेले असतात आणि टायर किती वेळा पंक्चर झाला हे लिहिलेले असते. भाच्याला निवांत माणूस हवा होता.

आता हे नवल नव्हे काय? ज्या समाजात मास्तर, पोस्टमन, दूधवाला आणि कारकून अशी सगळी मंडळी सायकलवर आयुष्य काढीत आली, ज्या पुण्याला कालपरवापर्यंत सायकलींचे शहर म्हणत, त्या समाजाच्या प्रवासवाङ्मयात सायकलला बसायला पाटही नाही! मला वाटते, सायकल ही आमच्या लेखी पोटाची गोष्ट होती. नगरपालिकेचा बिल्ला लावलेले ते वाहन कचेरीत नेणारे. 'प्रवास' त्याने कसा करायचा? प्रवासाला तिकीट लागते, बोटीवर निरोप द्यायला माणसे लागतात, गळ्यात हार लागतो. आमच्या प्रवासवर्णनाने तिकिटाशी लग्न लावले आणि रस्ता माहेरीच राहिला.

माझी तक्रार एवढीच असती तर मी ती फराळाबरोबर गिळून टाकली असती. पण प्रश्न वाहनाचा नाही, वाक्याचा आहे. ज्या वेगाने लेखक जातो त्या वेगाचे गद्य त्याच्या हाती येते. पायी चालणारा ओसरीवर टेकतो, पाणी मागतो आणि समोरच्या माणसाची कहाणी अथपासून इतिपर्यंत ऐकतो. म्हणून गोडसे भटजींच्या पुस्तकात कहाण्या पुऱ्या आहेत. मोटारीत बसलेल्याला काचेपलीकडचे काहीच ऐकू येत नाही. म्हणून तो एकदम मुक्कामाला पोचल्यावर बोलू लागतो. 'अपूर्वाई'तली माणसे मला आजही तोंडपाठ आहेत. पण दोन गावांमधली वाट आठवू जाता आठवत नाही. पु. लं.ना माणसांची मैफल हवी होती, ती त्यांनी भरवली. दोष त्यांचा नव्हे. दोष त्यांच्यामागून आलेल्यांचा, ज्यांनी मैफल जमत नसताही वाट गाळली.

या दोहोंच्या मधे सायकल. ताशी दहा-बारा किलोमीटर जाणाऱ्याला रस्त्याकडेच्या बोलण्यातले अर्धे वाक्य ऐकू येते. सुरुवात आपण येण्यापूर्वी झालेली असते आणि क्रियापद मागे राहते. असे अर्धे वाक्य घेऊन माणूस पुढचा मैलभर जातो आणि त्याला शेपूट जोडीत बसतो. मराठी प्रवासवर्णनात पुरी कहाणी आहे, नाही तर नुसता देखावा आहे. हे अर्धे वाक्य नाही.

भाचा म्हणाला, पारशी तरुणांचे ते पुस्तक? होय, ते आहे. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या मुंबईकरांचे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण निघाले. या तिघांनी सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मार्च १९२८ मध्ये मुंबई पाहिली. एक तर पुस्तक इंग्रजीत. आणि दुसरे, ते वीरांचे पुस्तक आहे. वाळवंट ओलांडणाऱ्याला कुजबूज कशी ऐकू यावी? निवांतपणाचे खरे गद्य मला स्टीव्हन्सनच्या १८७९ सालच्या छोट्या पुस्तकात सापडते. तो फ्रान्सच्याच सेव्हेन डोंगरांत मोदेस्तीन नावाची गाढवीण घेऊन हिंडला. गाढवीण चालेना, म्हणून लेखक थांबे. लेखक थांबे, म्हणून पुस्तक झाले. सायकल नव्हे, पण नाते जवळचे.

आणि सायकलवरून हिंडणे हा ज्याने जवळजवळ धर्मच केला, तोही फ्रान्सचा: सेंत-एत्येनचा रेशमाचा व्यापारी पॉल द व्हिव्ही. त्याने १८८७ साली सायकलस्वारांसाठी मासिक काढले आणि शिष्यांना शिकवण दिली, की भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या आणि दिमाखासाठी कधी पायडल मारू नका. आयुष्यभर डोंगरवाटा तुडवलेला हा माणूस १९३० साली आपल्याच गावात ट्रामखाली सापडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोन सायकली काढल्या. माझी जुनी, घंटी सोडून सगळे वाजणारी. त्याची शेजाऱ्याकडून मागून आणलेली. आधी त्याला बोईसरच्या बाजूला नेले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या मालमोटारींमागे आम्ही अर्धा तास होतो. त्यात वाक्य नाही, अक्षरही कानी आले नाही. मग पालघरच्या हुतात्मा चौकातून पश्चिमेला वळलो. १४ ऑगस्ट १९४२ ला इथे पाच जणांनी गोळ्या झेलल्या. त्या चौकातही आज भोंग्यापुढे स्वतःचा शब्द ऐकू येत नाही. पुढे मात्र कापणी झालेली भातशेते आली, ताड आले, खाऱ्या वाऱ्याचा वास आला, आणि गर्दी विरळ होत गेली. शिरगावच्या आतल्या वाटेला लागलो तेव्हा चेनचा आवाज ऐकू येऊ लागला.

आणि वाक्ये सुरू झाली! एका ओसरीवरून: "...पण जावयाला सांगायचं कुणी?" पुढे नळावर: "...तेव्हापासून ती त्या दारात गेली नाही." भाचा हसत होता. १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेल्या किल्ल्याच्या दाराशी दोन पोरे: "...अरे, आत भूत नाही, माझा काका आहे." कालव्याच्या काठी असे ऐकू येते का, असे मी विचारले. "येते," तो म्हणाला, "पण मला फ्रेंच अर्धेच कळते, म्हणजे अर्ध्याचे अर्धे."

तसेच पुढे सातपाटीला गेलो. बांबूंच्या मांडवावर बोंबील ओळीने वाळत होते. खाली दोन कोळिणी बोलत बसल्या होत्या. थोरली म्हणत होती, "बंदर झालं ना, की मग आमच्या पापलेटाला..." आणि आम्ही पुढे आलो.

वाढवणच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरात झाली. त्याला इथल्या मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. तेव्हा हे वाक्य जावयाच्या वाक्यासारखे शेपूट जोडून मजेने घरी नेण्याजोगे नव्हते. भाचा शंभर पावलांवर थांबला. "मामा, पुढे काय म्हणाली ती?"

"गोडसे भटजी असते तर बसून ऐकले असते," मी म्हणालो.

त्याने सायकल वळवली. मीही वळवली. मांडवाखाली पोचलो तेव्हा थोरलीने आम्हांला एकवार न्याहाळले, वाकट्या घेणार का म्हणून विचारले आणि भाव सांगितला.