‘एका लेखकाची रोजनिशी’ : साधन म्हणून विचार

फ्योदोर दोस्तोयेव्स्की या रशियन कादंबरीकाराची ‘एका लेखकाची रोजनिशी’ नांवावरून खासगी दफ्तरांतली वही वाटते. वस्तुतः तें नियतकालिकांतलें लेखन होय. १८७३ सालीं ‘ग्राझ्दानिन’ या साप्ताहिकांतील सदर म्हणून तिचा आरंभ झाला. १८७६ व १८७७ सालीं लेखकानें ती स्वतंत्र मासिकरूपानें काढिली. पुढें १८८० मध्यें एकच अंक निघाला, आणि १८८१ चा अंक लेखकाच्या मृत्यूनंतर वाचकांच्या हातीं पडला. तत्कालीन रशियन समाजाचा आरसा म्हणून तिचा गौरव होतो. जुन्या कागदांशीं ज्यांचा नित्य संबंध, त्यांनीं मात्र एवढ्यावर समाधान मानूं नये, असें आम्हांस वाटतें.

कोर्निलोवा प्रकरण घ्यावें. मे १८७६ मध्यें पीटर्सबर्ग येथें या गरोदर स्त्रीनें आपल्या सहा वर्षांच्या सावत्र मुलीला चौथ्या मजल्याच्या खिडकींतून खालीं टाकलें, व स्वतःच चौकीवर जाऊन गुन्हा कळविला. मुलगी वांचली. ऑक्टोबरांत स्त्रीस सक्तमजुरीची व सैबेरियांत हद्दपारीची शिक्षा झाली. हें कृत्य गरोदरपणांतील मनोविकाराचें तर नसेल, अशी शंका दोस्तोयेव्स्कीनें त्याच महिन्याच्या अंकांत काढिली. तुरुंगांत जाऊन तो तिला भेटलाहि. पहिला निकाल रद्द झाला आणि एप्रिल १८७७ मधील फेरचौकशींत ज्यूरीनें तिला निर्दोष ठरविलें. साक्षीदारच येथें पक्षकार झाला आहे. तरी प्रकरणाचें मोल कमी होत नाहीं. मुलीचें दुःख तो विसरला, असा आक्षेप एका टीकाकारानें घेतला, त्यास डिसेंबर १८७७ च्या अंकांत सविस्तर उत्तर आहे. प्रतिपक्षाचें म्हणणें उत्तरांत कसें टिकून राहतें, हें करीने वाचणारांस सांगावयास नको. १८६४ च्या न्यायसुधारणेनंतर ज्यूरीपुढें काय चालत होतें, तें येथें प्रत्यक्ष दिसतें.

याच्या उलट, लेखक ‘रशियन जनता’ म्हणून बोलूं लागला, कीं साधन बदलतें. कॉन्स्टँटिनोपल रशियाचेंच झालें पाहिजे, हा त्याचा आग्रह कुणब्याच्या मनाचा पुरावा नव्हे, लेखकाच्या मनाचा आहे. मार्च १८७७ मधील ज्यू लोकांवरील लेख तर उघड पूर्वग्रहाचा. त्यांतहि ज्यू वाचकांच्या पत्रांतील उतारे त्यानें छापले आहेत, आणि आमच्या मतें त्या लेखांतील ग्राह्य भाग तेवढाच.

एक गोष्ट संग्राहकांसाठीं. ऑक्टोबर १८७६ च्या अंकांत, कोर्निलोवेच्याच शेजारीं, हातीं देवाची तसबीर घेऊन खिडकींतून उडी टाकणाऱ्या एका शिवणकाम करणाऱ्या मुलीची नोंद आहे. त्या नोंदींतून निघालेल्या कथेस लेखकानें नोव्हेंबरचा सबंध अंक दिला. कथासंग्रहांत ती कथा एकटीच छापली जाते. ऑक्टोबरची नोंद मागें राहते. बाडांतून पान काढून विकणाराचाच हा उद्योग होय.