आज्ञा न पाळणारे पात्र : व्हिडिओ गेममधील मांजराच्या चित्रणाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी समीक्षेने कथा, कादंबरी, कविता, नाटक व काही प्रमाणात चित्रपट यांची सविस्तर दखल घेतली आहे. व्हिडिओ गेम मात्र आजही ‘विद्यार्थ्यांचा वेळ वाया घालविणारे साधन’ एवढ्यापुरताच पालकसभेत चर्चिला जातो. वस्तुतः ज्या कलाकृतीत वाचकाला किंवा प्रेक्षकाला स्वतः कृती करावी लागते, तिचे मूल्यमापन अधिक काटेकोरपणे होणे आवश्यक आहे. या दृष्टीने मांजर केंद्रस्थानी असलेल्या चार खेळांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मांजराचीच निवड करण्यामागे कारण आहे. व्हिडिओ गेमचा पाया आज्ञा हा असतो. खेळाडू कळ दाबतो आणि पात्र हलते. याउलट मांजर हा माणसाच्या घरात राहूनही आज्ञेत न राहणारा प्राणी होय. त्यामुळे मांजराला पात्र करणाऱ्या प्रत्येक खेळाला एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते : पात्र खेळाडूच्या हाती दिल्यावर ते मांजर उरते काय?

परंपरेतील मांजर

भारतीय परंपरेने मांजराकडे प्रेमापेक्षा संशयाने अधिक पाहिले. हितोपदेशातील दीर्घकर्ण नावाचे मांजर धार्मिकतेचे सोंग घेऊन जरद्गव या आंधळ्या गिधाडाचा विश्वास संपादन करते आणि पक्ष्यांची पिल्ले खाते. मनुस्मृतीने दांभिक माणसाला ‘बैडालव्रतिक’ म्हटले. मराठीत डोळे मिटून दूध पिणारी मांजर आहे, तसेच आडवे जाणारे मांजरही आहे. परंतु त्याच मराठीने तिला ‘वाघाची मावशी’ हे नाते दिले. ज्या वर्धा जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे, तेथे या नात्यातील आदर व भीती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. थोडक्यात, परंपरेतील मांजर लबाड असेल, पण ते कोणाचे खेळणे नाही.

श्रीवैष्णव संप्रदायातील दोन न्यायही येथे उपयुक्त ठरतात. मर्कटकिशोर न्यायात माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते. मार्जारकिशोर न्यायात पिल्लू काहीच करीत नाही, मांजरी त्याला तोंडात धरून नेते. बहुतेक व्हिडिओ गेम मर्कटन्यायाने चालतात. पकड सुटली की खेळ संपला.

चार खेळ

बिल विल्यम्स यांचा ‘अ‍ॅली कॅट’ हा खेळ १९८३ साली अटारी संगणकासाठी व पुढे १९८४ साली आयबीएम संगणकासाठी आला. यातील बोका गल्लीतल्या कुंपणावरून, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून चढत उघड्या खिडकीतून घरात शिरतो. घरात त्याच्यामागे एक झाडू लागतो. गंमत अशी की, बोक्याच्या पायांचे ठसे फरशीवर उमटले की झाडू आधी ते पुसू लागतो. घराची स्वच्छता आणि मांजराचा वावर यांतील जुना कलह अत्यल्प रेषांत येथे साकार होतो. हा बोका खेळाडूच्या आज्ञेत आहे. परंतु त्याचे हेतू, म्हणजे मासे, उंदीर व मांजरी, त्याचे स्वतःचे आहेत.

स्लोव्हेनियातील आउटफिट७ या कंपनीचा ‘टॉकिंग टॉम कॅट’ २०१० साली आला. यातील बोका ऐकलेले शब्द चिरक्या आवाजात परत उच्चारतो. त्याला कोणतीच भाषा येत नसल्याने त्याच्याशी कोणत्याही भाषेत बोलता येते. मराठी मुलाला मोबाइलमधून मराठी ऐकू येते, पण ती भाषा नव्हे, तो प्रतिध्वनी असतो. बोक्याला गोंजारता येते. तसेच त्याला चापट्या मारून खाली पाडताही येते आणि तो लगेच उठून उभा राहतो. खऱ्या मांजराने अशा वेळी ओरखडा काढला असता. तो ओरखडा वगळल्यामुळे दुसऱ्या जीवाची मर्यादा ओळखण्याचा पहिला धडाही वगळला जातो. २०१३ च्या ‘माय टॉकिंग टॉम’मध्ये पिल्लाला खाऊ घालणे, न्हाऊ घालणे, झोपविणे ही कामे येतात. वरवर पाहता खेळाडू मांजरीच्या आणि टॉम पिल्लाच्या भूमिकेत असतो. प्रत्यक्षात नाणी, जाहिराती व आठवण करून देणाऱ्या सूचना यांच्या साहाय्याने मुलालाच तोंडात धरून नेले जाते. मांजरीचे दात तिच्या पिल्लाला लागत नाहीत, असे म्हणतात. बाजारपेठेच्या दातांविषयी तसे म्हणता येत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला हिट-पॉइंट या जपानी कंपनीचा ‘नेको आत्सुमे’ (२०१४) आहे. खेळाडूने अंगणात खाऊ व खेळणी ठेवायची आणि खेळ बंद करायचा. मांजरे त्यांच्या मर्जीने येतात, मर्जीने जातात आणि जाताना वाळलेली मासळी ठेवून जातात. त्यांना बोलावता येत नाही. प्रतीक्षा हीच येथे कृती ठरते. खेळातील विकत घेण्याची सोय लक्षात घेऊनही, आज्ञेच्या जागी आतिथ्य आणण्याचे श्रेय या खेळाला द्यावे लागते.

फ्रान्समधील ब्लूट्वेल्व्ह स्टुडिओचा ‘स्ट्रे’ जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट स्वतंत्र खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला. हाँगकाँगच्या पाडून टाकलेल्या कौलून वसाहतीवरून सुचलेल्या, यंत्रमानवांच्या शहरात एक निनावी मांजर हरवते. म्याव करणे, दार ओरबाडणे, कुणाच्या शेजारी झोपणे यांसाठी येथे स्वतंत्र सोय आहे. या कृतींनी बहुधा काहीच साध्य होत नाही, म्हणूनच त्या मांजराच्या वाटतात. तथापि कथानक पुढे सरकते तसे हे मांजर निरोप व वस्तू पोहोचविणारा दूत बनते आणि त्याच्या वतीने एक उडते यंत्र बोलू लागते. उडीही ठरलेल्या जागीच घेता येते. खेळाडूच्या चुकीने मांजर पडत नाही, कथेला हवे तेव्हाच पडते. शेवट मात्र प्रामाणिक आहे. शहर मोकळे होते. मांजराची आपल्या सोबत्यांशी भेट झालेली दाखविली जात नाही. ज्या कार्याने इतरांची सुटका झाली, ते मांजराचे कार्य नव्हतेच, हे त्यातून सूचित होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, चित्रणातील हुबेहूबपणा हा मांजराच्या सत्याचा निकष ठरू शकत नाही. ‘अ‍ॅली कॅट’मधील काही ठिपक्यांचा बोका टॉमपेक्षा अधिक मांजर आहे. निकष एकच : खेळाडूला ‘नाही’ म्हणण्याची जागा खेळाने मांजराला ठेवली आहे काय? लहान वयात हाती येणाऱ्या खेळांतून दुसऱ्या जीवाशी वागण्याची सवय घडत असल्याने हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारित खेळ सादर केला. महाराष्ट्रात हे माध्यम हाताळण्याची क्षमता आहे, हे त्यावरून सिद्ध होते. कौलांवरून फिरणारी, चुलीशेजारी निजणारी आणि हाक मारली तरी न येणारी वैदर्भीय मांजर उद्या एखाद्या खेळात अवतरली, तर तिला मराठी बोलता आले नाही तरी चालेल. मराठी ऐकून दुर्लक्ष करता आले पाहिजे.