वजा केलेला आवाज

काही वर्षांपूर्वी एका छोट्या टिपणात मी 'ट्रायो' या १९८७ सालच्या अमेरिकन कंट्री अल्बमबद्दल लिहिले होते. त्यात एक वाक्य असे होते : 'यात डॉली पार्टन गाते आणि लिंडा रॉन्स्टॅड व एमिलू हॅरिस तिला साथ करतात.' कोणीही हरकत घेतली नाही. पण ते वाक्य चूक होते, आणि ती चूक केवळ माहितीची नव्हती, कानाची होती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाक्याची दुरुस्ती आहे.

आपला कान एका चालीवर पोसलेला आहे. वारकरी भजनात शंभर कंठ असले तरी चाल एकच असते. पोवाड्यात झीलकरी शाहिराची ओळ उचलतात, लांबवतात, पण ओळ शाहिराचीच राहते. त्यामुळे 'मुख्य गायक' आणि 'साथ' हे दोन खण आपल्याजवळ तयार असतात आणि ऐकलेला प्रत्येक आवाज आपण त्यांपैकी एकात टाकतो. गोव्याचा मांडो याला अपवाद. चर्चमधल्या संगीतशिक्षणातून आलेली, दोन आवाजांनी तिसऱ्या स्वराचे अंतर राखून गाण्याची रीत तिथे रुजली. घाटावर वाढलेल्या माझ्या कानाला ती सवय नव्हती.

कंट्री संगीतातला स्वरमेळ थोडक्यात असा असतो. एक आवाज मूळ चाल गातो. दुसरा तिच्या वर, साधारण तिसऱ्या स्वरावर चालतो. तिसरा बहुधा खाली राहून उरलेला स्वर भरून काढतो. एकीचा 'सा' असेल त्या क्षणी दुसरीचा 'ग' आणि तिसरीचा 'प' असतो. ही रीत या संगीतात मुख्यतः दोन ठिकाणी मुरली : चर्चमध्ये आणि कुटुंबात. १९२७ साली ब्रिस्टलला पहिले ध्वनिमुद्रण करणारे कार्टर कुटुंब, पुढे लूव्हिन बंधू, एव्हर्ली बंधू. एका घरात वाढलेल्यांचे उच्चार आणि श्वास एकसारखे असतात, म्हणून त्यांचे आवाज सहज मिसळतात असे मानले जाते.

'ट्रायो'तल्या तिघींचे तसे नव्हते. डॉली पूर्व टेनेसीच्या डोंगराळ भागातली, बारा भावंडांतली चौथी. लिंडा ॲरिझोनातल्या टूसॉनची; तिच्या घरात मेक्सिकन गाणी गायली जात. एमिलूने कंट्रीतले जोडगाणे शिकले ते तरुण वयात, ग्रॅम पार्सन्सबरोबर गाताना. १९७६मध्ये डॉलीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तिघी एकत्र गायल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एकत्र अल्बम करायला घेतला, पण तो पूर्ण झाला नाही. तिघी स्वतंत्रपणे मोठ्या गायिका, तिघींच्या कंपन्या वेगळ्या, करार वेगळे. त्या प्रयत्नातली काही गाणी मग एकेकीच्या अल्बमांत विखुरली. 'माय ब्लू टिअर्स' हे डॉलीचे गाणे १९८२मध्ये लिंडाच्या 'गेट क्लोजर'मध्ये आले, ते असेच.

या करारांच्या अडचणींनी अभ्यासकाला मात्र एक मोठी सोय करून दिली आहे. स्वरमेळातून एक माणूस काढला तर काय उरते, हे प्रत्यक्ष ऐकता येईल अशा दोन जोड्या त्यांच्यामुळे तयार झाल्या.

पहिली जोडी 'मिस्टर सँडमन'ची. एमिलूच्या १९८१च्या 'इव्हँजलिन' अल्बममध्ये हे जुने गाणे तिघींच्या आवाजात आहे. ते सिंगल म्हणून काढायचे ठरले तेव्हा बाकी दोघींच्या कंपन्यांनी परवानगी नाकारली. एमिलूने मग तिन्ही ओळी स्वतःच गाऊन एकावर एक ध्वनिमुद्रित केल्या. स्वर तेच, मांडणी तीच, आणि गाणे लोकप्रियही झाले. दोन्ही पाठ लागोपाठ ऐकले तेव्हा माझ्या कानाला फरक जाणवला तो असा : एकटीच्या पाठात मेळ अधिक गुळगुळीत आहे. कंप एकाच जातीचा, स्वराचे टोक एकाच पद्धतीने सोडलेले, कुठे खरखर नाही. तिघींच्या पाठात डॉलीचा बारीक, जलद कंप, लिंडाचा भरीव गळा आणि एमिलूचा श्वासमिश्रित सूर वेगवेगळे ओळखू येतात. ते जिथे जुळतात तिथे जुळल्याचे कळते. एकटीच्या पाठात जुळायला कोणी परके नसतेच.

दुसरी जोडी अधिक बोलकी आहे. पण तिच्याआधी खुद्द 'ट्रायो'कडे वळले पाहिजे. १९८६मध्ये ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम जॉर्ज मॅसेनबर्ग यांच्या निर्मितीत पुढच्या वर्षी आला. मार्क ओ'कॉनर यांचे फिडल, ॲल्बर्ट ली यांची गिटार, डेव्हिड लिंडली यांचे मँडोलिन अशी वाद्ये गळ्यांना जागा देत वाजतात. संगीत-सल्लागार जॉन स्टारलिंग हे ब्लूग्रास गायक, आणि पेशाने कान-नाक-घशाचे शल्यवैद्य. कंट्रीच्या यादीत अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्यातली चार गाणी पहिल्या दहांत आली.

यात मुख्य आवाज फिरता आहे. 'टेलिंग मी लाइज'मध्ये लिंडा, 'माय डिअर कम्पॅनियन'मध्ये एमिलू, 'दोज मेमरीज ऑफ यू'मध्ये डॉली. 'रोझवुड कास्केट' या पारंपरिक गाण्याची मांडणी डॉलीच्या आईची, एव्ही ली पार्टन यांची. एवढे समोर असताना मी 'साथ' हा शब्द लिहिला, कारण डॉलीचा गळा पटकन ओळखू येतो आणि ओळखू येणाऱ्या गळ्यालाच मी गाणे समजत होतो.

माझे संगीताचे रीतसर शिक्षण नाही. ही चूक लक्षात आली ती हार्मोनियमवर. एका गाण्यातली मधली ओळ तेवढी वेगळी काढावी म्हणून बसलो, तर ती सापडायला चार संध्याकाळी लागल्या. गुणगुणू लागलो की दर वेळी दुसऱ्या चरणाशी मी नकळत मूळ चालीवर घसरत असे. शेवटी ओळ हाती आली तेव्हा निराशाच झाली. ती दोन-तीन स्वरांतच घोटाळत होती, एकटी वाजवली तर तिला चाल म्हणणेही कठीण. पण ध्वनिमुद्रणाबरोबर ती धरून बसलो आणि गाणे पहिल्यांदा आतून ऐकू आले. ज्या गायिकेच्या नावावर मोठाली सभागृहे भरत, ती इथे कोणीही गुणगुणणार नाही अशी ओळ पूर्ण लक्ष देऊन गात होती. त्या ओळीखेरीज वरची चाल पोरकी झाली असती. याला साथ म्हणता येत नाही. हा वाटा आहे.

आता दुसरी जोडी. १९९४मध्ये तिघींनी पुन्हा एक अल्बम ध्वनिमुद्रित केला, पण तारखांचे जुळेना आणि तो पडून राहिला. लिंडाने त्यातली पाच गाणी १९९५च्या स्वतःच्या 'फील्स लाइक होम' अल्बममध्ये घेतली, डॉलीचा आवाज काढून. १९९९मध्ये 'ट्रायो टू' अखेर बाहेर आला, डॉलीच्या आवाजासह. नील यंगचे 'आफ्टर द गोल्ड रश' दोन्हीकडे आहे, काचेच्या पात्रांचा तो थरथरता नादही दोन्हीकडे आहे. १९९५च्या पाठात लिंडाचा आवाज मुख्य आहे. तो पाठ सुंदर आहे, आणि अपुरा आहे असे तो ऐकताना मुळीच वाटत नाही. चार वर्षांनी दुसरा पाठ आल्यावरच पहिल्यातली रिकामी जागा कळते. डॉलीचा पातळ, काहीसा पोरवयाचा वाटणारा गळा मध्यभागी आला की त्या भविष्यस्वप्नाच्या गाण्यात भाबडेपणा येतो, आणि भोवतीचे दोन आवाज त्या भाबडेपणाला जपू लागतात. लिंडाच्या पाठात जपण्यासारखे काही नाही. तो आवाज स्वतःच समर्थ आहे. म्हणजे एक आवाज वजा केल्याने उरलेल्यांचे कामही बदलते. या गाण्याला २०००मध्ये ग्रॅमी मिळाले, ते तिघींच्या पाठाला.

१९९४ची वजाबाकी भरून निघाली, कारण डॉलीचा आवाज फितीवर शाबूत होता. पुढची तशी नव्हती. २०१३मध्ये लिंडाने जाहीर केले की आजारामुळे तिला आता गाता येत नाही. २०१६मध्ये तिघींच्या ध्वनिमुद्रणांचा संपूर्ण संच आला तेव्हा त्यात पूर्वी न आलेली गाणी होती. पण तिघींनी नव्याने गावे, ही शक्यता संपली होती. बाकी दोघी उत्तम गातात, तिसरी ओळ गाणारी दुसरी कोणी मिळेलही. 'फील्स लाइक होम'सारखे काहीतरी सुंदर तयार होईल. ते 'ट्रायो' नसेल.

वाचकाने हा अल्बम ऐकायला घेतला तर एक विनंती आहे. पहिल्यांदा चाल ऐकावी, ती ऐकू येतेच. दुसऱ्यांदा चाल सोडून तिच्याखालचा आवाज धरावा आणि चरण संपेपर्यंत सोडू नये. तो निसटेल, निसटला की पुन्हा धरावा. मला चार संध्याकाळी लागल्या, तरुण कानांना कमी लागतील.

आणि माझ्या जुन्या टिपणातले ते वाक्य कृपया असे वाचावे : यात तिघी गातात.