उसने गाणे

दुसऱ्याने गाजवलेले गाणे पुन्हा गाणाऱ्याकडे आपण काहीशा संशयानेच पाहतो. स्वतःचे काही सुचत नाही म्हणून हा दुसऱ्याच्या ताटातले वाढून घेतो, अशी आपली समजूत असते. पॅरिसवासी गायिका यायेल नाईम ऐकली की ही समजूत तपासून पाहावीशी वाटते.

यायेलचा जन्म १९७८ साली पॅरिसमध्ये, ट्युनिशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. बालपण इस्रायलमध्ये गेले आणि तरुणपणी ती पॅरिसला परतली. तालवादक दाविद दोनासियाँ यांच्या साथीने, राहत्या घरातच ध्वनिमुद्रित केलेला तिचा गीतसंग्रह २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. हिब्रू, इंग्रजी व फ्रेंच भाषांतील तिच्या स्वतःच्या रचनांच्या पंगतीत एक उसने गाणे बसले होते : ब्रिटनी स्पीअर्सचे ‘टॉक्सिक’.

मूळ ‘टॉक्सिक’ हे २००३ च्या संग्रहातले, नाचायला लावणारे गाणे. त्यातील व्हायोलिनची लक्षात राहणारी सुरावट ‘एक दूजे के लिए’ (१९८१) या चित्रपटातील लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ‘तेरे मेरे बीच में’ या गीतातून घेतलेली आहे. म्हणजे ‘मूळ’ गाणेही मुंबईचे ऋण शिरावर घेऊनच उभे होते. उसनवारीची लाज बाळगायचीच, तर सुरुवात कोणापासून करावी?

यायेलने लय संथ केली, वाद्यांचा गजबजाट दूर सारला आणि आवाज कुजबुजीच्या जवळ ठेवला. शब्द तेच राहिले, अर्थ पालटला. घातक आहे हे कळूनही जे प्रेम सोडवत नाही, त्याची मूळ गाण्यात नशा होती. येथे त्याची भीती ऐकू येते. पापाची चटक आणि पापाची कबुली यांत जे अंतर, तेच या दोन गायनांत.

तथापि, एक धोका नोंदवला पाहिजे. वेगवान गाणे संथ करून मोजक्या साथीवर गाणे ही पुढे जाहिरातींची रीतच होऊन बसली. साधेपणाचाही साचा बनतो. यायेलच्या ‘टॉक्सिक’मध्येही मधूनच चमत्कृतीचा मोह डोकावतो. केवळ वाद्ये कमी केल्याने गाणे खरे होत नाही. गाण्यावाचून गत्यंतर नसते, तेव्हा ते खरे होते.

याचा प्रत्यय २७ नोव्हेंबर २०१५ रोजी आला. त्याच महिन्याच्या १३ तारखेला पॅरिस व परिसरातील हल्ल्यांत १३० माणसे मारली गेली होती; त्यांतील कित्येक तर बाताक्लाँ नाट्यगृहात गाणी ऐकायला आलेली. अँव्हालीदच्या प्रांगणातील राष्ट्रीय श्रद्धांजलीच्या वेळी यायेल, अल्जीरियन वंशाची कामेलिया जोर्दाना आणि ब्रतान्य प्रांतातील नोल्वेन लरुआ यांनी जाक ब्रेलचे जुने गीत गायिले. ‘प्रेमाखेरीज हाती काहीच नसते तेव्हा’ असा त्याच्या शीर्षकाचा आशय. ते कोणाचे, कोणी आधी गायिले, हा प्रश्न तेथे गैरलागू होता.

चर्चच्या गायनवृंदात उभे राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आपण गातो ती गीते आपण रचलेली नसतात. पण शेजारच्या घरातील मातीला उभे राहून तेच जुने गीत गाताना कंठ दाटून येतो, तेव्हा ते उसने राहिलेले नसते.