नकाशातील नाम आणि क्रमांक : ‘के-२’चे उदाहरण

पर्वतप्रदेशाचा नकाशा हा मोजणीचा दस्तऐवज म्हणून वाचण्याचा आपला प्रघात आहे. त्यावरील नावे मात्र मोजलेली नसतात, ऐकलेली असतात. म्हणून शिखरांच्या उंचीइतकीच त्यांच्या नावांचीही चिकित्सा व्हावयास हवी. काराकोरमचे सर्वेक्षण या दृष्टीने उद्बोधक आहे.

१८५६ साली माँटगोमेरी याने काश्मिरातील हरमुखवरून, दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर दिसणाऱ्या दोन शिखरांना ‘के-१’ व ‘के-२’ असे क्रमांक दिले. ‘के’ हे काराकोरमचे रोमन आद्याक्षर होय. अंक निरीक्षणाच्या क्रमाचा, उंचीचा नव्हे. पुढे ‘के-१’चे स्थानिक नाव माशेरब्रुम असल्याचे कळले व नकाशाने ते स्वीकारले. ८६११ मीटर उंचीच्या ‘के-२’ला मात्र क्रमांकच उरला.

‘के-२’चे खरे नाव ‘छोगोरी’ असून परकीय मोजणीदारांनी ते पुसून टाकले, असे मत वारंवार मांडले जाते. ते तपासून घेतले पाहिजे. बाल्टी भाषेत ‘छोगो’ म्हणजे मोठा आणि ‘री’ म्हणजे पर्वत. अस्कोले या वाटेवरील शेवटच्या गावातून हे शिखर दिसत नाही. चराई, पाणी वा वाट यांपैकी कशाशीही ज्याचा संबंध नाही, त्याला विशेषनाम देण्याची गरज लोकव्यवहारास सहसा भासत नाही. ‘याला काय म्हणतात?’ या प्रवाशाच्या प्रश्नास ‘मोठा डोंगर’ एवढेच उत्तर मिळाले असणे अधिक संभवनीय वाटते. त्याच वर्णनाचे रूप आज चीनच्या नकाशावर अधिकृत नाम होऊन बसले आहे.

याच्या उलट प्रकार गाशेरब्रुमचा. त्याचा ‘तेजस्वी भिंत’ हा रूढ अर्थ १८९२ मधील कॉनवेच्या वर्णनातून आलेला दिसतो. बाल्टीतील घटक ‘सुंदर’ व ‘पर्वत’ असे आहेत. येथे प्रवाशाचे वर्णन व्युत्पत्ती म्हणून खपले.

आता बाल्टी भाषक ‘के-२’लाही ‘केचू’ वा ‘केतू’ म्हणतात. क्रमांक त्यांच्या उच्चारात रुळून नाम झाला आहे. तो परका म्हणून नाकारणे म्हणजे त्या भाषकांचा आजचा व्यवहार नाकारणे होय. नाव कोणी, कोणास, कोठून पाहून सांगितले, हे निश्चित केल्याखेरीज ‘मूळ नाव’ हा शब्दप्रयोग स्थलनामांच्या अभ्यासकाने करू नये.